लिव्हर सावरलं, पण औषधं सोसेनात: ऑटोइम्यून हेपटायटिसचा एक प्रकरण अभ्यास

रुग्ण बाई, वय ३२, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. घरी नवरा, सासूबाई आणि पाच वर्षांची मुलगी. सांगली जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. लिव्हरचे तज्ज्ञ पुण्यात, त्यांची भेट दोन-तीन महिन्यांतून एकदा. मधल्या काळातल्या रक्ताच्या तपासण्या, डोसची विचारपूस आणि रात्री-अपरात्रीचे फोन हे गावातली फिजिशियन म्हणून माझ्याकडे. निदान आणि औषधांची निवड पुण्याची. हे टिपण मुख्यतः त्या निवडीनंतर घरात, शाळेत आणि शरीरात काय काय झालं त्याविषयी आहे.

ऑटोइम्यून हेपटायटिस म्हणजे स्वतःची प्रतिकारशक्तीच लिव्हरवर उठते तो आजार. त्याची औषधं गुण देतात यात वाद नाही. १९७१ साली लंडनच्या रॉयल फ्री हॉस्पिटलमधून शीला शेरलॉक यांच्या गटाने दाखवून दिलं की प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड घेणारे रुग्ण जगतात आणि न घेणाऱ्यांतले बरेच दगावतात. पन्नास वर्षांनंतरही उपचाराचा पाया तोच आहे. अडतं ते पुढे. गोळी बरीच वर्षं, अनेकांना जन्मभर घ्यावी लागते आणि तिचा त्रास सोसेनासा झाला की रुग्ण कुणाला न सांगता ती कमी करतो. म्हणून दुष्परिणामांवर उपाय करणं हे मूळ उपचाराइतकंच महत्त्वाचं काम आहे, असं मी मानते.

निदान

जूनमध्ये डोळे पिवळे झाले. पहिले तीन आठवडे गावात होतं तेच झालं: गळ्यात काविळीची माळ, उसाचा रस, तेल-तूप बंद. हेपटायटिस ए आणि ई निगेटिव्ह आले, कावीळ मात्र उतरेना. बिलिरुबिन (कावीळ मोजणारा आकडा) ७.४, एसजीपीटी (लिव्हरची सूज दाखवणारा आकडा) ८६०, रक्तातलं आयजीजी (अँटिबॉडींचा एक प्रकार) २,९००, म्हणजे सर्वसाधारण वरच्या मर्यादेच्या जवळपास दुप्पट. एएनए आणि स्मूथ मसल अँटिबॉडी, म्हणजे शरीराच्या स्वतःच्याच पेशींविरुद्धच्या अँटिबॉडी, दोन्ही पॉझिटिव्ह. बायोप्सीत प्लाझ्मा पेशींची (अँटिबॉडी बनवणाऱ्या पेशींची) गर्दी आणि लिव्हरमधल्या पोर्टल भागांच्या, म्हणजे रक्तवाहिन्या शिरतात त्या भागांच्या, कडांवर सूज. फायब्रोसिस (लिव्हरमधले व्रण) मधल्या टप्प्याचा, सिरॉसिस (व्रणांनी लिव्हर आक्रसण्याचा शेवटचा टप्पा) नाही. हा शेवटचा शब्द पुढे फार उपयोगी पडला.

पहिली गोळी देण्याआधी हेपटायटिस बी (जुन्या संसर्गाच्या अँटिबॉडीसकट), छातीचा एक्स-रे, टीबीची रक्ततपासणी, साखर आणि गर्भधारणेची तपासणी झाली. आपल्याकडे टीबी आणि हेपटायटिस बी हे दोन्ही शरीरात झोपून राहिलेले असू शकतात, प्रतिकारशक्ती दाबली की उठतात. कांजिण्या लहानपणी येऊन गेल्या होत्या, हे तिच्या आईला फोन करून विचारून घेतलं. प्राथमिक शाळेत शिकवणाऱ्या बाईंसाठी ही चौकशी अगत्याची, कारण वर्गात कांजिण्यांची साथ आली तर काय करायचं ते त्यावर ठरतं.

प्रेडनिसोलोन ४० मिलिग्रॅमने सुरुवात झाली. दोन आठवड्यांत बिलिरुबिन २.८ वर आलं. मग स्टेरॉइड ३० वर आणून त्याच्या जोडीला अॅझाथायोप्रिन हे प्रतिकारशक्ती दाबणारं औषध, ५० मिलिग्रॅम. ही जोडी जुनी आहे. अॅझाथायोप्रिन गर्ट्रूड एलियन आणि जॉर्ज हिचिंग्ज यांच्या प्रयोगशाळेतलं, दोघांना १९८८ चं नोबेल मिळालं. ते सावकाश काम करतं, पण एकदा लागू पडलं की स्टेरॉइड बरंच कमी करता येतं.

केस गळायला लागले

पहिले आठ दिवस मळमळ. अॅझाथायोप्रिनची गोळी सकाळी चहाबरोबर घेतली जात होती. ती रात्रीच्या जेवणानंतर घ्यायला सांगितली आणि मळमळ आटोक्यात आली. या गोळीने पोटात आरपार कळ आली, पाठीपर्यंत गेली, तर वाट बघत बसायचं नाही, स्वादुपिंडाला सूज असू शकते, हेही सांगून ठेवलं होतं. तसं काही झालं नाही.

तिसऱ्या आठवड्यात सकाळी फोन आला. “डॉक्टर, कंगवा फिरवला की हातात केसांचा पुंजका येतोय. उशी सगळी केसांनी भरलीय.” काविळीनंतर, तापानंतर, बाळंतपणानंतर केस गळतात, पण ते दोन-तीन महिन्यांनी आणि हळूहळू. हे चार दिवसांत सुरू झालं होतं.

दर आठवड्याची सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) ठरलेलीच होती. त्या दिवशीचा रिपोर्ट पांढऱ्या पेशी ५,१०० असा आला. लॅबच्या कागदावर पुढे ४,००० ते ११,००० ही मर्यादा छापलेली, म्हणजे आकडा नॉर्मल, बाजूला खूण नाही, ठळक अक्षर नाही. पण आदल्या आठवड्यात त्या ११,६०० होत्या आणि त्याआधी १२,४००. स्टेरॉइडने पांढऱ्या पेशी रक्तात जास्त दिसतात, हा त्याचा नेहमीचा गुण. त्यामुळे ३० मिलिग्रॅमवर असलेल्या रुग्णाच्या ५,१०० पेशी या नॉर्मल नाहीत, ती निम्म्याहून मोठी घसरण आहे. मागचे रिपोर्ट शेजारी ठेवल्याशिवाय हे दिसत नाही. म्हणून या औषधांवरच्या प्रत्येकाला मी एका वहीत फक्त तीन आकडे तारखेवार लिहायला लावते: पांढऱ्या पेशी, प्लेटलेट, एसजीपीटी.

अॅझाथायोप्रिन त्याच दिवशी बंद केलं. तरी पेशी पुढे घसरत राहिल्या, कारण औषधाचा परिणाम गोळी थांबल्यावर लगेच थांबत नाही. आठवडाभरात १,७००, त्यातल्या जंतूंशी लढणाऱ्या न्यूट्रोफिल ७००. डोक्यावर टाळू दिसू लागली. शाळेतून रजा, घरी मास्क, बाहेरचं खाणं आणि कच्ची कोशिंबीर बंद, आणि थर्मामीटर उशाशी. ताप १००.४ फॅरनहाइटला पोचला की क्रोसिन घेऊन वाट बघायची नाही, तडक भरती व्हायचं. स्टेरॉइडवर असलेल्या माणसाला संसर्ग असूनही ताप कमीच येतो, त्यामुळे थंडी वाजली तरी फोन करायचा. सुदैवाने ताप आला नाही. साधारण तीन आठवड्यांत पेशी ४,००० च्या वर आल्या.

पुण्याहून जनुकीय चाचणी पाठवली गेली होती. एनयूडीटी१५ या जनुकाच्या दोन्ही प्रती बदललेल्या निघाल्या. या जनुकाचं काम अॅझाथायोप्रिनपासून बनणारे विषारी रेणू निकामी करण्याचं. ते नसलं की साधा डोससुद्धा रक्तपेशी बनवणाऱ्या अस्थिमज्जेला जड जातो. या जनुकाचा हा संबंध २०१४ साली कोरियातल्या क्रोन्स या आतड्याच्या आजाराच्या रुग्णांमध्ये उघड झाला. त्याआधी सगळं लक्ष टीपीएमटी या दुसऱ्या जनुकावर असायचं, कारण युरोपीय लोकांत तोच जास्त आढळतो. आपल्याकडे आणि पूर्व आशियात एनयूडीटी१५ चा बदल अधिक दिसतो आणि अचानक, भरमसाट केसगळती ही त्याची आगाऊ सूचना असते. नुसती टीपीएमटी चाचणी करून “जनुक ठीक आहे” असं रुग्णाला सांगणं भारतात पुरेसं नाही. जिथे चाचणी होण्यासारखी आहे तिथे ती पहिल्या गोळीआधीच व्हावी असं माझं स्पष्ट मत आहे. आणि चाचणी कितीही चांगली आली तरी साप्ताहिक सीबीसीला पर्याय नाही.

केस परत येतात, हे तिला पहिल्या दिवशी सांगितलं होतं. चार-पाच महिन्यांनी आलेही, आधी कुरळे, मग नेहमीसारखे. मधल्या काळात तिने ओढणी बांधून शिकवलं.

दुसरं औषध आणि दुसरं मूल

अॅझाथायोप्रिनचा रस्ता कायमचा बंद झाला. पर्याय मायकोफेनोलेट, प्रतिकारशक्ती दाबणारंच दुसरं औषध. या औषधाने गर्भपात होऊ शकतो, बाळात कानाचे, टाळूचे व्यंग येऊ शकते. अॅझाथायोप्रिनवर गरोदरपण निभावतं, याच्यावर नाही. आणि या घरात दुसऱ्या चान्सची बोलणी सुरू झाली होती.

हे बोलणं नवऱ्यासमोर आणि सासूबाईंसमोर केलं, तिच्या परवानगीने. सासूबाईंनी विचारलं, “म्हणजे आता होणारच नाही का?” तसं नव्हतं. आजार किमान वर्षभर शांत राहिला पाहिजे, मग मायकोफेनोलेट बंद करून निदान सहा आठवडे जाऊ द्यायचे, त्याच्या जागी कमी डोसचं स्टेरॉइड आणि गरज पडली तर टॅक्रोलिमस, जे लिव्हर किंवा किडनी बदललेल्या स्त्रियांच्या गरोदरपणात वापरलं जातं. तोवर पक्कं गर्भनिरोधन. तिने कॉपर-टी निवडली. सासूबाईंना कागदावर वर्ष लिहून दाखवलं तेव्हा त्या निवळल्या. “नाही” आणि “अजून दोन वर्षं नाही” यांतला फरक घरच्यांना कुणीतरी समोर बसून सांगावा लागतो, नाहीतर सगळा भार त्या एकटीवर येतो.

मायकोफेनोलेट ५०० मिलिग्रॅम दोन वेळा सुरू झालं. डोस दुप्पट केल्यावर दिवसातून पाच-सहा जुलाब. शिकवता शिकवता वर्ग सोडून जायची पाळी. डोस परत ५०० वर आला. एक गोष्ट उशिरा कळली: जळजळ होते म्हणून ती गोळीसोबतच अॅसिडिटीचं पातळ औषध घेत होती. मॅग्नेशियम-अॅल्युमिनियमवालं ते औषध मायकोफेनोलेट आतड्यात शोषू देत नाही. दोन्हींमध्ये दोन तासांचं अंतर ठेवायला सांगितलं.

स्टेरॉइडचा घरातला हिशेब

या सगळ्यात स्टेरॉइड ठरल्यापेक्षा जास्त दिवस वरच्या डोसवर राहिलं. त्याचे त्रास एकेक करून लिहिते, कारण प्रत्येकाचा उपाय निराळा निघाला.

झोप. रात्री दोनला उठून ती भांडी घासत बसायची. नवऱ्याला वाटलं, डोक्यावर परिणाम झाला. चौकशीत कळलं की उपाशीपोटी जळजळते म्हणून अर्धी गोळी सकाळी आणि अर्धी रात्री जेवून घेत होती. शरीराचं स्वतःचं कॉर्टिसोल पहाटे वाढतं आणि रात्री ओसरतं, रात्रीचं स्टेरॉइड त्याच्या उलट जातं. पूर्ण डोस सकाळी आठला नाश्त्यानंतर घ्यायला लावला. आठवड्यात झोप बरीचशी परतली. चिडचिड मात्र डोस उतरेपर्यंत राहिली. ती गोळीची आहे, बाईंचा स्वभाव बदललेला नाही, हे नवऱ्याला वेगळं बोलावून सांगितलं. त्यानंतर भांडणं कमी झाली असं दोघांनीही सांगितलं.

साखर. उपाशीपोटीची ९८, म्हणून घरी सगळे निर्धास्त. दुपारी जेवणानंतर दोन तासांनी तपासली तर २४८. सकाळी घेतलेल्या स्टेरॉइडची साखर दुपारी आणि संध्याकाळी चढते, पहाटेपर्यंत उतरते. त्यामुळे नुसती फास्टिंग बघणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. दुपारच्या डब्यातला भात काढून भाकरी, उसळ आणि ताक असा केला, जेवणानंतर शाळेच्या मैदानाला दोन-तीन फेऱ्या आणि काही महिने साखर कमी करणारी एक गोळी. स्टेरॉइडचा डोस उतरल्यावर ही गोळी सुटली.

भूक. संध्याकाळी चारला अनावर भूक लागायची, ती फरसाण आणि बिस्किटांवर भागायची. त्याजागी भाजलेले फुटाणे आणि काकडी. भूक दाबायला सांगून उपयोग नसतो, ती खरीच असते. मीठ हा सांगलीकडचा कठीण विषय. खर्डा, लोणचं, पापड, ताकातली सांडगी मिरची ताटात असल्याशिवाय जेवण झालं असं वाटत नाही, आणि पायावर सूज नेमकी त्यानेच येते. लोणचं पूर्ण तोडण्याऐवजी रविवारपुरतं ठेवलं. पूर्ण तोडलेलं पथ्य पंधरा दिवस टिकतं, असा माझा अनुभव आहे.

हाडं. ड जीवनसत्त्व ११, म्हणजे कमी. कमरेच्या मणक्याचा डेक्सा (हाडांची घनता मोजणारी तपासणी) टी-स्कोअर उणे १.६, म्हणजे हाडं थोडी विरळ. स्टेरॉइडने हाडं सगळ्यात जास्त झिजतात ती पहिल्या काही महिन्यांत, म्हणून वर्ष संपायची वाट न बघता तपासणी केली. हाडांसाठीची नेहमीची बिस्फॉस्फोनेटची गोळी दिली नाही. ती हाडात वर्षानुवर्षं साठून राहते आणि इथे गरोदरपण पुढे होतं. कॅल्शियम, ड जीवनसत्त्व, रोज नाचणीची आंबील किंवा भाकरी (१०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं) आणि चालणं, एवढ्यावर भागवलं. डोळ्यांचा दाब आणि मोतीबिंदू यांची तपासणी दर सहा महिन्यांनी.

लसी. फ्लू आणि न्यूमोनियाची दिली. जिवंत जंतूंच्या लसी या औषधांवर चालत नाहीत, मुलीच्या शाळेतल्या लसीकरणाच्या दिवशी “तुम्हालाही देऊ का” असं कुणी सहज म्हटलं तरी नको म्हणायचं.

लग्नसराई

चेहरा. याच्यावर मी स्वतंत्रपणे लिहिते आहे, कारण उपचार इथेच तुटला.

ऑक्टोबरात एसजीपीटी ५२ वर आलं होतं. स्टेरॉइड १२.५ मिलिग्रॅम. गाल गोल झालेले, हनुवटीवर लव, मानेमागे जाडपणा, वजन नऊ किलोने वर. तुळशीच्या लग्नानंतर घरातली लग्नं सुरू झाली. एका हळदीच्या कार्यक्रमात जावेच्या माहेरच्यांनी विचारलं, “गोड बातमी आहे वाटतं?” दुसरी म्हणाली, “तब्येत चांगलीच सुधारली की!” त्याच दिवसांत शेजारणीने गुळवेलीचा काढा आणून दिला, “प्रतिकारशक्ती वाढेल, गोळ्यांची गरज उरणार नाही.”

डिसेंबरअखेर ती आली तेव्हा चेहरा थोडा उतरलेला होता आणि तिला त्याचा आनंद होता. पण अंग दुखतंय, उठलं की डोळ्यांपुढे अंधारी, बीपी ९६/६०. एसजीपीटी २३६. “गोळ्या घेताय ना?” असं विचारलं की सगळे “हो” म्हणतात. “मागच्या वेळच्या किती स्ट्रिपा घरी शिल्लक आहेत?” असं विचारलं. ती गप्प झाली, मग रडली. महिनाभर स्टेरॉइड पाच मिलिग्रॅम, तेही कधी एक दिवसाआड, आणि काढा रोज.

तिला मी रागावले नाही, रागावण्यासारखं काही नव्हतंच. तिच्या जागी मीही त्या हळदीतून तशीच घरी आले असते. दोन गोष्टी मात्र सविस्तर सांगितल्या. पहिली: तीन आठवड्यांहून जास्त काळ स्टेरॉइड घेतलं की शरीराची स्वतःची कॉर्टिसोल बनवणारी ग्रंथी मंदावते. गोळी एकदम कमी केली की ही अंधारी, हा गळाठा, आणि आजारपणात जिवावर बेतू शकतं. दुसरी: ज्या आजारात प्रतिकारशक्तीच लिव्हरवर उठली आहे, तिथे ती वाढवणारं काही घेणं म्हणजे आगीत तेल. गुळवेलीविषयी २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी सहा रुग्णांचा अहवाल प्रसिद्ध केला. काढ्यानंतर त्यांच्या लिव्हरला इजा झाली होती, बायोप्सीचं चित्र ऑटोइम्यून हेपटायटिससारखं होतं. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षावर आक्षेप घेतला होता, हेही तिला सांगितलं. पण ऑटोइम्यून हेपटायटिसचं निदान हातात असलेल्या रुग्णाने गुळवेल घेऊ नये, यात मला शंका नाही.

स्टेरॉइड परत २० वर न्यावं लागलं. ते ऐकून तिचा चेहरा पडला. मग पुण्याच्या डॉक्टरांशी बोलून नवी आखणी केली. मायकोफेनोलेट एकदम दुप्पट न करता दर पंधरा दिवसांनी २५० मिलिग्रॅमने वाढवलं, जेवणासोबत. या वेळी जुलाब झाले नाहीत आणि डोस ७५० दोन वेळा इथवर पोचला. स्टेरॉइड कमी करण्याच्या तारखा स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयावर लाल पेनाने लिहिल्या. कधी किती कमी होणार हे दिसत असलं की आजची गोळी घेणं सोपं जातं, असं तिनेच नंतर सांगितलं.

एसजीपीटी ४० च्या खाली आल्यावर आणि प्रेडनिसोलोन १० वर असताना ब्युडेसोनाइडवर बदल झाला. हे स्टेरॉइड आतड्यातून थेट लिव्हरमध्ये जातं आणि त्याचा सुमारे ९० टक्के भाग तिथेच निकामी होतो, बाकी शरीराला कमी झळ लागते. सिरॉसिस असता तर हे देता आलं नसतं, कारण तिथे रक्त लिव्हरला वळसा घालून जातं आणि औषध सगळीकडे पोचतं. बदलताना पंधरा दिवस सांधे दुखतील, थकवा येईल, हे आधीच सांगून ठेवलं होतं. तसंच झालं आणि तिने गोळी थांबवली नाही.

तिच्या पर्समध्ये आणि मोबाइलच्या कव्हरमागे एक चिठ्ठी असते: “मी स्टेरॉइडवर आहे. अचानक बंद करू नये. उलट्या, अपघात किंवा ऑपरेशन असल्यास हायड्रोकॉर्टिसोन इंजेक्शन द्यावे.” खाली औषधांची नावं, डोस आणि “अॅझाथायोप्रिन कधीही देऊ नये, एनयूडीटी१५”. ताप आला तर गोळीचा डोस किती वाढवायचा ते मागच्या बाजूला.

सध्या

दीड वर्ष झालं. एसजीपीटी २८, आयजीजी १,३८०, पांढऱ्या पेशी ६,२००. नऊपैकी सहा किलो उतरले. डेक्सा पुढच्या महिन्यात. हनुवटीवरची लव गेली, मानेमागचा जाडपणा थोडा राहिला आहे. आजार शांत होऊन अजून वर्ष व्हायचं आहे, त्यामुळे कॉपर-टी तशीच. दुसऱ्या मुलाचा निर्णय पुढच्या दिवाळीनंतर पुण्याच्या भेटीत, स्त्रीरोगतज्ज्ञांना सोबत घेऊन. त्या वेळी मायकोफेनोलेट काढल्यावर आजार पुन्हा उचल खाईल की नाही, हा प्रश्न सगळ्यात मोठा आहे आणि त्यासाठी दर पंधरा दिवसांनी तपासणी करायची असं आत्ताच ठरलं आहे. मुलीच्या धाकट्या मावशीचं लग्न मे महिन्यात आहे, त्याआधी एकदा बोलून घ्यायचं, हेही वहीत लिहून ठेवलं आहे.